सर्बियाच्या पलटणीतील इंग्रज बाई : फ्लोरा सँडिस

मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र असावे, हा आपला परिपाठ आहे. झाशीची राणी, अहिल्यादेवी, रमाबाई रानडे यांची चरित्रे आपण लहानपणापासून ऐकत आलो. या खेपेस जरा दूरच्या मुलखातील एका बाईची ओळख करून द्यावी असे मनात आले. राणी लक्ष्मीबाई लढली ती आपल्या झाशीसाठी. परंतु ही बाई लढली ती परक्या देशासाठी. त्या देशाची भाषा तिला येत नव्हती, तिथे तिचे कोणी नातलग नव्हते, आणि तिला तिथे कोणी धाडलेही नव्हते.

दुसऱ्याच्या लढाईत आपण होऊन उडी घेणारे पुरुष इतिहासात पुष्कळ सापडतात. फ्रान्सचा तरुण सरदार लाफायेत १७७७ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जाऊन मिळाला. इंग्रज कवी बायरन ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठी गेला आणि १८२४ साली तिथेच तापाने वारला. अशांची स्मारके होतात, शाळेच्या पुस्तकांतून त्यांची नावे येतात. पण घरातली धाकटी लेक वयाच्या अडतिसाव्या वर्षी उठते, परमुलखात जाते आणि तिथल्या पलटणीत खांद्यावर बंदूक घेऊन उभी राहते, असे उदाहरण क्वचितच आढळेल. फ्लोरा सँडिस हे ते उदाहरण होय.

फ्लोराचा जन्म २२ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. घराणे मूळचे आयर्लंडचे. भावंडांत ही शेंडेफळ. पुढे कुटुंब सफोक परगण्यात एका खेड्यात राहावयास गेले आणि फ्लोराचे बालपण तिथे गेले. शिक्षण घरीच, शिक्षिका ठेवून झाले. त्या काळच्या सुखवस्तू घरातील मुलींप्रमाणे भरतकाम, वाचन, चर्चची कामे हे सारे तिच्याही वाट्याला आले. परंतु तिचे मन रमे ते घोड्यावर बसण्यात आणि बंदुकीने नेम धरण्यात. मोटारी नुकत्याच निघाल्या होत्या, तेव्हा ती मोटारही चालवू लागली. आपण मुलगा झालो असतो तर बरे, असे तिला लहानपणी वाटे, आणि मोठेपणीही तिने ते लपविले नाही.

तरुणपणी तिने कारकुनी कामाचे शिक्षण घेतले, परदेशी नोकरी केली, दूरदूरचे प्रवास केले. लग्न केले नाही. इंग्लंडात त्या सुमारास स्त्रियांची एक स्वयंसेवी तुकडी निघाली होती. रणभूमीवर घोड्यावरून जाऊन जखमींना प्रथमोपचार करावयाचे, हा तिचा हेतू. फ्लोरा तीत दाखल झाली. मलमपट्टी, जखमीला उचलणे, तंबू ठोकणे हे ती तिथे शिकली. आज अनेक महिला मंडळांतून प्रथमोपचाराचे वर्ग भरतात. फ्लोराचा प्रवासही अशाच एका वर्गातून सुरू झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९१४ च्या जुलै अखेरीस ऑस्ट्रियाने चिमुकल्या सर्बियावर युद्ध पुकारले आणि बघता बघता सारे युरोप पेटले. ४ ऑगस्टला इंग्लंड युद्धात उतरले. फ्लोराबाईंनी परिचारिका म्हणून जाण्यासाठी अर्ज केला, परंतु रीतसर शिक्षण नाही म्हणून तो नाकारला गेला. असा नकार मिळालेल्या त्या एकट्याच नव्हत्या. एल्सी इंग्लिस नावाच्या एक नामांकित स्त्री-डॉक्टर होत्या. त्यांचा जन्म आपल्याकडच्या नैनितालचा, १८६४ सालचा. त्यांनी स्त्रियांचे एक अख्खे इस्पितळ उभारून देण्याची तयारी दाखविली, तेव्हा लष्करी खात्याने त्यांना घरी जाऊन स्वस्थ बसण्याचा सल्ला दिला. पुढे एल्सीबाईंच्या संस्थेची इस्पितळे फ्रान्समध्ये आणि सर्बियात उभी राहिली, आणि परक्या देशांनी त्यांचे उपकार मानले. आपल्या घरी ज्या हातांना काम नाही, त्यांना परक्या घरी मान मिळाला, अशी ही कथा आहे.

फ्लोराबाईही स्वस्थ बसल्या नाहीत. सर्बियाला मदत नेणारे स्त्रियांचे एक पथक निघत होते, त्यात त्यांनी नाव घातले, आणि १२ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे इंग्लंड युद्धात उतरल्यानंतर अवघ्या आठ दिवसांत, त्या घर सोडून निघाल्या. क्रागुयेवाट्स या गावच्या लष्करी इस्पितळात त्यांची नेमणूक झाली. तिथे जखमींची रीघ लागलेली होती. खाटा पुरत नसल्याने माणसे जमिनीवर पेंढ्यावर निजविलेली होती. भूल देण्याचे औषध नाही, पट्ट्या नाहीत. सर्बियन शिपाई हा बहुतेक शेतकरी. नांगर सोडून आलेला, अंगावर घरी विणलेले मोजे, आणि वेदना सोसताना ओठ आवळून धरणारा. या माणसांविषयी फ्लोराबाईंच्या मनात जी माया उपजली, ती अखेरपर्यंत आटली नाही.

काही महिन्यांनी त्या इंग्लंडला गेल्या, वर्गणी गोळा केली, औषधे व इस्पितळाचे सामान घेतले आणि एमिली सिमंड्स या परिचारिका मैत्रिणीबरोबर परत आल्या. तोवर सर्बियात टायफस तापाची भयंकर साथ सुरू झाली होती. उवांमधून पसरणारा हा रोग. डिसेंबरात सर्बियनांनी ऑस्ट्रियाच्या फौजेला मागे रेटले खरे, पण मागे उरलेल्या आजारी कैद्यांच्या आणि जखमींच्या गर्दीत रोग फैलावला. वाल्येवो हे गाव साथीचे केंद्र होते. देशात मुळातच डॉक्टर मोजके, त्यांतले शंभरावर त्या साथीत दगावले. तिथे जाणे म्हणजे मरणाच्या दारात जाणे, असे सर्वांनी बजावले असतानाही या दोघी वाल्येवोला गेल्या. डॉक्टर उरले नाहीत तेव्हा लहानसहान शस्त्रक्रियाही त्यांनीच केल्या. शेवटी दोघींनाही टायफसने गाठले. दैव बलवत्तर म्हणून दोघीही उठल्या, आणि उठताच पुन्हा कामाला लागल्या.

इथवर ही कथा एका सेवाभावी परिचारिकेची आहे. अशा शेकडो बाया त्या युद्धात झाल्या. फ्लोराबाईंच्या आयुष्याने वळण घेतले ते १९१५ च्या हिवाळ्यात.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात उत्तरेकडून जर्मनी व ऑस्ट्रिया आणि पूर्वेकडून बल्गेरिया, अशा तिघांनी सर्बियावर एकदम चाल केली. तीन बाजूंनी घेरलेल्या या देशाला मागे हटण्यावाचून गत्यंतर नव्हते. फ्लोराबाई त्या वेळी इंग्लंडात होत्या. बातमी येताच त्या समुद्रमार्गे सालोनिका बंदरास आल्या आणि तिथून मोनास्तिर, म्हणजे आताचे बितोला, या गावी पोहोचल्या. उत्तरेचा रस्ता तुटला होता, त्यांचे जुने इस्पितळ शत्रूच्या हाती गेले होते. त्यांनी दुसऱ्या पायदळ पलटणीच्या जखमींच्या पथकात काम मागून घेतले. ही पलटण पोलादी पलटण म्हणून प्रसिद्ध होती.

शत्रू रोज जवळ येत होता. मागे हटणाऱ्या फौजेपुढे आता अल्बानियाचे डोंगर होते. तिथे गाड्या जाणार नव्हत्या, तेव्हा जखमींचे पथकही मोडणार होते. सेनाधिकाऱ्यांनी फ्लोराबाईंपुढे दोन वाटा ठेवल्या. सालोनिकाला परत जावे, किंवा फौजेबरोबर राहावे. राहिल्यास हाल होतील हे त्यांनी लपविले नाही. परंतु त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मित्रराष्ट्रांची मदत वेळेवर पोहोचली नव्हती, शिपायांचे मन खचले होते. एक इंग्रज बाई आपल्याबरोबर चालते आहे हे पाहून त्यांना वाटेल की जग आपल्याला विसरलेले नाही. फ्लोराबाई राहिल्या. पलटणीचे कर्नल मिलिच यांनी आपल्या खांद्यावरचा पितळी दोनाचा आकडा काढला आणि त्यांच्या खांद्यावर लावला. त्या क्षणापासून त्या परिचारिका राहिल्या नाहीत. सर्बियाच्या दुसऱ्या पलटणीतील एक साधा शिपाई झाल्या.

आता या ठिकाणी मनात प्रश्न येतो, आणि तो टाळू नये. जखम बांधणाऱ्या हाताने बंदूक का धरावी? समोरचा बल्गेरियन शिपाईदेखील शेतकरीच होता, त्याचीही आई घरी वाट पाहत होती. फ्लोराबाईंनी आपल्या पुस्तकांतून याचे मोठे तत्त्वज्ञान मांडलेले नाही. त्यांना साहसाची आवड होती आणि शिपाईगिरीचा लहानपणापासून ध्यास होता, हे त्या मोकळेपणाने कबूल करतात. केवळ भूतदयेने त्या तिथे राहिल्या असे म्हणणे खरे होणार नाही. परंतु केवळ साहसासाठी राहिलेला माणूस विजयाच्या वाटेवर जातो. फ्लोराबाई सामील झाल्या त्या हरत चाललेल्या, उपाशी आणि देश गमावलेल्या फौजेत. लाफायेत काय किंवा बायरन काय, स्वयंसेवकाच्या मनात उदात्त हेतू आणि स्वतःची हौस ही दोन्ही असतातच. वाईट दिवस आले म्हणजे त्यांतले कोणते उरते, ते महत्त्वाचे.

अल्बानियाच्या डोंगरातील ते दिवस फार वाईट होते. बर्फ, चिखल आणि मागून शत्रूच्या गोळ्या. डोंगरातले लोक सर्बियाच्या कागदी नोटा घेईनात, मक्याच्या भाकरीसाठी शिपाई अंगावरचे कपडे देऊ लागले. वाटेत बसलेला माणूस बरेचदा उठत नसे. फ्लोराबाई रात्री उघड्यावर, शिपायांच्या रांगेत एका पांघरुणात निजत. जे मिळेल ते सर्वांत वाटून खात. खंदकात त्यांनी बंदूक चालविली, गस्त घातली. शिपायांनी त्यांना बाई म्हणून वेगळे ठेवले नाही, आणि बाई म्हणून कधी अवमानही केला नाही. आपली इंग्रज बाई असे ते त्यांना म्हणत, आणि पुढे तर भाऊ म्हणू लागले. सर्बियात सोबत्याला भाऊ म्हणण्याची चाल आहे. बाईला हे नाते देणे ही त्या शेतकऱ्यांच्या लेखी सर्वांत मोठी पदवी होती. लवकरच त्या कॉर्पोरल, म्हणजे आपल्याकडचा नाईक, झाल्या.

उरलेसुरले सैन्य समुद्रकिनारी पोहोचले आणि मित्रराष्ट्रांच्या जहाजांनी ते ग्रीसच्या कॉर्फू बेटावर आणले. पण उपासमारीने आणि रोगाने खंगलेली हजारो माणसे तिथे पोहोचूनही वाचली नाहीत. जवळच्या विदो बेटावर दफनाला जागा उरली नाही, तेव्हा प्रेते समुद्रात सोडावी लागली. फ्लोराबाईंनी त्या बेटावर शिपायांसाठी अन्न, बूट, कपडे मिळविण्याकरिता इंग्रज अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजविले. याच १९१६ साली त्यांनी आपल्या अनुभवांचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले, ते सर्बियन शिपायांसाठी मदत मिळावी म्हणून.

विश्रांती घेऊन, नवी हत्यारे घेऊन ही फौज पुन्हा उभी राहिली आणि सालोनिकाच्या बाजूने आपल्या देशाकडे वळली. १९१६ च्या नोव्हेंबरात मोनास्तिर परत घेण्यासाठी घनघोर लढाई झाली. एका बर्फाळ टेकडीवर समोरासमोर चकमक उडाली असता शत्रूचा हातबॉम्ब फ्लोराबाईंजवळ फुटला. उजवा हात मोडला, अंगात जागोजागी तुकडे घुसले. सोबत्यांनी गोळीबारात सरपटत येऊन त्यांना ओढून बाहेर काढले. नंतर मोनास्तिर सर्बियनांच्या हाती आले, तेव्हा त्या सालोनिकाच्या इस्पितळात होत्या. तिथे खाटेवर पडल्या असतानाच कॅराजॉर्जचा तारा हे सर्बियाचे मोठे शौर्यपदक त्यांना देण्यात आले, आणि सार्जंट मेजर म्हणून बढती मिळाली. अंगातील तुकडे सगळे निघाले नव्हते, तरी बऱ्या होताच त्या खंदकात परतल्या.

१९१८ साली त्यांनी एव्हेलिना हॅवरफील्ड या मैत्रिणीच्या साहाय्याने सर्बियन शिपायांसाठी व कैद्यांसाठी मदतनिधी काढला. एव्हेलिनाबाई पूर्वी इंग्लंडात स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी झगडल्या होत्या. युद्धानंतर सर्बियात अनाथ मुलांसाठी काम करीत असतानाच १९२० साली त्या वारल्या. १९१८ च्या सप्टेंबरात आघाडी फुटली, आणि १ नोव्हेंबरला राजधानी बेलग्रेड मोकळी झाली. १९१९ च्या जूनमध्ये सर्बियात खास कायदा करून फ्लोराबाईंना लष्करी अधिकाऱ्याची सनद देण्यात आली. अशी सनद मिळालेली त्या सैन्यातील ही पहिली स्त्री. पुढे त्या कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचल्या.

वाचक भगिनींनो, कथा इथे संपली असती तर ती शौर्याची एक गोड गोष्ट झाली असती. परंतु फ्लोराबाईंना सर्वांत कठीण गेले ते यापुढचे.

१९२२ च्या ऑक्टोबरात त्यांना सैन्यातून निरोप मिळाला. सात वर्षांनी त्यांनी गणवेश उतरविला आणि बायकी पोशाख केला. बाईपणातून शिपाईपणात जाताना जितका त्रास झाला नव्हता, त्याहून कितीतरी अधिक त्रास या परतीच्या वाटेवर झाला, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. ज्या सोबत्यांबरोबर त्या एका पांघरुणात बर्फावर निजल्या, एका ताटात जेवल्या, तेच सोबती आता त्यांना झगा आणि टोपी घातलेले पाहून बावरू लागले. बोलताना शब्द जपू लागले. गप्पांची बैठक त्यांच्या येण्याने मोडू लागली. कोणी अपमान केला नाही, उलट मानच दिला. पण भाऊपण गेले. माणूस तेच होते, बदलले होते ते फक्त कपडे.

त्यांच्याच पलटणीत मिलुंका साविच नावाची एक सर्बियन शेतकरी मुलगी होती. १९१२ साली भावाच्या ऐवजी, पुरुषाच्या वेषात ती सैन्यात गेली. १९१३ साली जखमी झाली तेव्हा ती मुलगी असल्याचे उघड झाले. तरीही ती पलटणीत राहिली आणि तिने शौर्यपदके मिळविली, ती फ्लोराबाईंहूनही अधिक. युद्ध संपल्यावर या मिलुंकाला बेलग्रेडच्या एका बँकेत नोकरी मिळाली, ती फरशी पुसण्याची. तेवढ्या कमाईत तिने आपल्या मुलीबरोबर तीन पोरक्या मुलींनाही वाढविले. १९७३ साली ती वारली. परदेशातून आलेल्या बाईची पुस्तके झाली, व्याख्याने झाली. घरच्या बाईच्या हाती केरसुणी आली. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आपल्याकडची खरी, पण सर्बियातही ती लागू पडली.

फ्लोराबाईंनी हार मानली नाही. त्यांनी देशोदेशी व्याख्याने दिली आणि १९२७ साली दुसरे आत्मचरित्र लिहिले. त्याच वर्षी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी युरी युदेनिच या रशियन निर्वासित अधिकाऱ्याशी विवाह केला. ते सर्बियन सैन्यात त्यांच्याबरोबर होते आणि वयाने त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. काही काळ फ्रान्समध्ये राहून उभयतांनी बेलग्रेडमध्ये संसार थाटला. शिपाईपणातला एक सोबती तरी त्यांना असा जन्माचा मिळाला.

१९४१ च्या एप्रिलमध्ये हिटलरच्या फौजांनी त्या देशावर, तेव्हाच्या युगोस्लाव्हियावर, हल्ला केला. पासष्ट वर्षांच्या फ्लोराबाईंनी पुन्हा गणवेश चढविला. पण अवघ्या अकरा दिवसांत देश पडला, आणि लढण्याची वेळच आली नाही. दोघांनाही जर्मनांनी काही काळ अटकेत ठेवले. सुटल्यानंतर, सप्टेंबरात, पती निवर्तले. पुढची वर्षे शत्रूच्या पहाऱ्याखालील बेलग्रेडमध्ये त्यांनी एकटीने काढली. युद्धानंतर काही दिवस त्या आफ्रिकेत ऱ्होडेशियाला पुतण्याकडे राहिल्या आणि शेवटी इंग्लंडात, जिथे बालपण गेले त्या सफोकमध्ये परतल्या. २४ नोव्हेंबर १९५६ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

सर्बियाने मात्र त्यांना विसरले नाही. २०१५ साली त्या देशाने पहिल्या महायुद्धात मदतीस आलेल्या ब्रिटनच्या स्त्रियांची टपाल तिकिटे काढली. त्यांत फ्लोराबाई आहेत, एल्सी इंग्लिस आहेत, एव्हेलिना हॅवरफील्डही आहेत.

हे चरित्र वाचून आपल्यापैकी कोणी बंदूक घ्यावी, असे सांगण्याचा हेतू नाही. युद्ध हे घरे उजाड करणारेच असते, मग ते कोणाचेही असो. परंतु या बाईच्या आयुष्याने एक गोष्ट आपल्यापुढे ठेवली आहे. पूर आला, साथ आली, घरचा कर्ता अंथरुणाला खिळला, म्हणजे बाईला कोणतेही काम जमते असे सर्वांना एकदम दिसू लागते. तिला कोणी अडवीत नाही, तिचा हात धरून पुढे नेतात. संकट ओसरले की तिने मुकाट्याने आपल्या जागी परत जावे, अशी अपेक्षा असते. फ्लोराबाईंना शत्रूच्या बॉम्बपेक्षा हे परत जाणे अधिक लागले.

म्हणून आपल्या आसपास पाहावे. अडल्या वेळी ज्या बाईने दुकान सांभाळले, शेत राखले, दवाखान्यात रात्री जागून काढल्या, तिला वेळ निघून गेल्यावर आपण काय म्हणून ओळखतो? कर्नल मिलिचने आपल्या खांद्यावरचा आकडा काढून एका परक्या बाईच्या खांद्यावर लावला, तो भर संकटात. तो आकडा सुखाच्या दिवसांतही तिच्या खांद्यावर राहू देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.